सात मतं, चार मतं आणि एक भोपळा: २०१५च्या एनबीए फायनलचा न मिटलेला वाद

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्यात, दोन-चार ठिकाणी वाक्यं जुळवून घेतलीत. बाकी सूर बोलण्याचाच ठेवलाय.)

आज एक जुनं भांडण उकरून काढायचंय. एनबीएची फायनल जवळ आली की आमच्या मित्रमंडळींत हे भांडण हमखास निघतं आणि चहा गार होईपर्यंत चालतं. विषय एकच: २०१५ची फायनल, गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स.

वॉरियर्सनी ती मालिका ४-२ अशी जिंकली, त्यावर वाद नाही. वाद आहे तो फायनलच्या एमव्हीपीवरून, म्हणजे मालिकेतला 'सर्वात मोलाचा खेळाडू' कोण यावरून. अकरा जणांनी मतं दिली. सात मतं पडली वॉरियर्सच्या आंद्रे इग्वोडालाला. चार पडली लेब्रॉन जेम्सला, जो हरलेल्या संघात होता. आणि त्याच वर्षी पूर्ण लीगचा एमव्हीपी ठरलेला वॉरियर्सचा सगळ्यात मोठा स्टार स्टेफ करी? त्याला एकही मत नाही. भोपळा.

आता आकडे ऐका. लेब्रॉनची सरासरी: ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड, ८.८ असिस्ट. करीची सरासरी: २६ गुण. इग्वोडालाची: १६.३ गुण. ज्याचे गुण तिघांत सगळ्यात कमी, त्याला बक्षीस! नुसता स्कोअरकार्ड बघणारा माणूस म्हणेल, काहीतरी छापायची चूक झाली असणार.

त्या जूनमध्ये मी लेब्रॉनच्या पार्टीत होतो आणि माझा मित्र इग्वोडालाच्या. आपल्याकडे सामने पहाटे साडेपाचला नाहीतर सकाळी साडेसहाला सुरू व्हायचे. ऑफिसला जाईपर्यंत आमचं फोनवर भांडण चालायचं. "स्टार जिंकवतो" असं मी म्हणायचो, आणि तो म्हणायचा, "अरे, डावपेच जिंकवतात." या भागाच्या तयारीसाठी आम्ही दोघांनी सहाही सामने पुन्हा बघितले. तर मंडळी, आज मी जे सांगणार आहे ते माझ्या तेव्हाच्या मताच्या विरोधात आहे. मित्राच्याही थोडं विरोधात आहे. तेव्हा शेवटपर्यंत थांबा.

आधी परिस्थिती समजून घेऊ

ज्यांनी ती मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनबीएच्या फायनलमध्ये जास्तीत जास्त सात सामने असतात, जो संघ आधी चार जिंकेल तो विजेता. वॉरियर्सनी त्या हंगामात ८२पैकी ६७ सामने जिंकले होते. त्यांचा कोच स्टीव्ह कर, कोच म्हणून त्याचं पहिलंच वर्ष. दुसरीकडे कॅव्हेलियर्सचा कोच डेव्हिड ब्लॅट, त्याचंही एनबीएतलं पहिलंच वर्ष. क्लीव्हलँडला ५३ विजय होते.

पण कॅव्हेलियर्स फायनलला आले ते लंगडत. त्यांच्या तीन स्टारपैकी केव्हिन लव्हचा खांदा पहिल्याच फेरीत निखळला होता. कायरी अर्व्हिंगच्या गुडघ्याची वाटी फायनलच्या पहिल्याच सामन्यात, ओव्हरटाइममध्ये, फ्रॅक्चर झाली. उरला एकटा लेब्रॉन. त्याच्या सोबतीला हंगामाच्या मधे दुसऱ्या संघांकडून घेतलेले जे. आर. स्मिथ, इमान शंपर्ट आणि टिमोफी मॉझगॉव्ह, रिबाउंडसाठी जीव टाकणारा ट्रिस्टन थॉम्पसन, आणि मॅथ्यू डेलावेडोव्हा नावाचा एक ऑस्ट्रेलियन गार्ड, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी निवडलंसुद्धा नव्हतं.

अशा संघाने तीन सामन्यांनंतर २-१ अशी आघाडी घेतली होती. हे कसं झालं, ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लेब्रॉनचा खेळ हाच एक डाव होता

पहिल्या सामन्यात लेब्रॉनने ४४ गुण केले आणि तरी वॉरियर्स ओव्हरटाइममध्ये १०८-१०० असे जिंकले. दुसऱ्यात त्याने ३९ गुण, १६ रिबाउंड, ११ असिस्ट केले आणि क्लीव्हलँड ९५-९३ जिंकलं, तेही ओव्हरटाइममध्ये. तिसऱ्यात ४० गुण, १२ रिबाउंड, ८ असिस्ट, आणि क्लीव्हलँड ९६-९१.

हे आकडे ऐकले की वाटतं, एक माणूस पेटलाय आणि एकटाच संघ ओढतोय. मलाही तेव्हा तेच वाटायचं. पण पुन्हा बघताना एक गोष्ट डोळ्यांत भरते: क्लीव्हलँड मुद्दाम सावकाश खेळत होतं. बॉल चालत चालत पुढे आणायचा, लेब्रॉनच्या हातात द्यायचा. त्याने पाठ लावून बचावपटूला हळूहळू आत ढकलायचं आणि २४ सेकंदांचं शॉट क्लॉक संपत आलं की शॉट घ्यायचा. हुकला तर मॉझगॉव्ह आणि थॉम्पसन हे दोन धिप्पाड गडी रिबाउंडला आहेतच.

यामागे साधं गणित आहे. सामना जितका छोटा, तितकी कमजोर संघाची संधी मोठी. पावसामुळे सामना वीस षटकांवरून सात षटकांवर आला, तर दुबळा संघही बलाढ्य संघाला धक्का देऊ शकतो, तसंच. बास्केटबॉलमध्ये वेळ कापता येत नाही, पण दोन्ही संघांना बॉल किती वेळा मिळतो ते कमी करता येतं. क्लीव्हलँडने तेच केलं.

आता लेब्रॉनवरची नेहमीची टीका घ्या. "पस्तीसच्या वर सरासरी आहे, पण शॉट किती मारले? टक्केवारी बघा!" खरंय, मालिकेत त्याचे जेमतेम ३९.८ टक्के शॉट आत गेले. पहिल्या सामन्यात ४४ गुणांसाठी त्याने ३८ शॉट मारले. पण ही टक्केवारी त्या डावाची किंमत होती. शॉट क्लॉक संपत आलेलं असताना, समोर बचावपटू चिकटलेला असताना घेतलेले शॉट सोपे नसतातच. शिवाय ४८ मिनिटांच्या सामन्यात तो सरासरी ४५ मिनिटांपेक्षा जास्त मैदानावर होता. फायनलच्या मालिकेत दोन्ही संघांत मिळून गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींमध्ये पहिला येणारा तो इतिहासातला पहिला खेळाडू ठरला.

म्हणजे माझं तेव्हाचं "स्टार की डावपेच" हे भांडण इथेच ढिलं पडतं. लेब्रॉनचा पराक्रम आणि क्लीव्हलँडचा डाव या एकाच गोष्टी होत्या. असा डाव कागदावर कुणीही लिहील, पण तो अंगावर घेणारा माणूस लागतो.

दुसरा भाग बचावाचा. करीला दुसऱ्या सामन्यात डेलावेडोव्हाने अक्षरशः सावलीसारखं धरलं. करीचे २३पैकी ५ शॉट आत गेले, थ्री पॉइंटर तर १५पैकी २. ओव्हरटाइमच्या शेवटी निर्णायक दोन फ्री थ्रोसुद्धा डेलावेडोव्हानेच मारले. त्या सकाळी मित्राला फोन करून मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौथा सामना: एक बदल

आता येतो तो प्रसंग, ज्याच्यावर मित्राची सगळी इमारत उभी आहे.

वॉरियर्स १-२ असे मागे. करच्या स्टाफमध्ये निक युरेन नावाचा २८ वर्षांचा सहाय्यक होता. मोठा कोच वगैरे नाही, व्हिडिओ बघणं, कापणं, बाकीची मदत करणं अशी कामं. तो रात्री आदल्या वर्षीच्या, म्हणजे २०१४च्या फायनलचे व्हिडिओ बघत बसला होता. त्या फायनलमध्ये सॅन अँटोनिओ स्पर्सनी तिसऱ्या सामन्यापासून उंच टियागो स्प्लिटरला बसवून बोरिस डिऑला सुरुवातीच्या पाचात घेतलं होतं, आणि समोर लेब्रॉनचाच मायामी हीट संघ होता. स्पर्सनी तिथून सलग तीन सामने जिंकून मालिका खिशात घातली. युरेनला वाटलं, आपणही हेच करावं. त्याने आधी सहाय्यक कोच ल्यूक वॉल्टनला गाठलं, मग मध्यरात्र उलटल्यावर करला मेसेज केला. सकाळी करने विचार केला आणि हो म्हटलं.

बदल काय होता? सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगटला बसवायचं आणि त्याच्या जागी साडेसहा फुटांच्या इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवायचं. मग सेंटरचं काम कुणी करायचं? ड्रेमंड ग्रीनने, ज्याची उंची सहा फूट सात इंच. समोर मॉझगॉव्ह, सात फूट एक इंच!

करने सामन्याआधी पत्रकारांना सुरुवातीचे पाच तेच आहेत असं सांगितलं. नंतर हसत कबूल केलं की खोटं बोललो.

सामना सुरू झाला आणि क्लीव्हलँडने पहिले सात गुण केले. ७-०. मी खुश. करने टाइमआउट घेतला. लोकांना वाटलं आता बोगट येणार. तो आला नाही. पहिल्या क्वार्टरच्या शेवटी वॉरियर्स ३१-२४ असे पुढे होते, आणि सामना १०३-८२ असा जिंकले.

उंच माणूस काढल्याने नेमकं काय बदललं?

हा आजच्या भागाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा डाव म्हणजे पिक अँड रोल. बॉल करीकडे आहे. ग्रीन येऊन करीच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो, म्हणजे 'स्क्रीन' लावतो. बचावपटू क्षणभर अडकतो आणि करी मोकळा होतो. करी थ्री पॉइंटर कुठूनही मारू शकतो. त्याच हंगामात त्याने २८६ थ्री पॉइंटरचा विक्रम केला होता. त्यामुळे ग्रीनला धरणारा बचावपटूसुद्धा करीवर धावून जातो. आता करीवर दोन जण झाले. करी पटकन ग्रीनला पास देतो. आणि मग हिशोब बघा: उरलेल्या जागेत वॉरियर्सचे चार खेळाडू आणि क्लीव्हलँडचे तीन. चारास तीन.

मग पहिल्या तीन सामन्यांत हे का चाललं नाही? कारण त्या चारांत एक बोगट असायचा. बोगट लांबून शॉट मारणारा नाही. त्यामुळे मॉझगॉव्हला बोगटची चिंता नव्हती. तो बिनधास्त बास्केटखाली उभा राहायचा आणि आत येणाऱ्याला अडवायचा. एक उंच माणूस दोघांचं काम करायचा, म्हणजे चारास तीनचा फायदा तिथेच संपला.

बोगट गेला आणि इग्वोडाला आला. आता मैदानावर करी, क्ले थॉम्पसन, हॅरिसन बार्न्स, इग्वोडाला आणि ग्रीन. पाचही जणांना बॉल हाताळता येतो, पास देता येतो, पळता येतं. मॉझगॉव्हने धरायचं कुणाला? बास्केटखाली थांबला तर कुणीतरी बाहेर मोकळा. बाहेर गेला तर आत रान मोकळं. शिवाय रिबाउंड घेतला की वॉरियर्स लगेच पळत सुटायचे, म्हणजे क्लीव्हलँडचा 'सावकाश खेळा' हा डावही मोडला. आणि पळापळीत लेब्रॉन दमला तो वेगळाच.

अर्थात याची किंमत होती. मॉझगॉव्हने त्या सामन्यात २८ गुण केले. उंच कोणी नव्हताच त्याला अडवायला. करने तो तोटा गृहीत धरला होता. मॉझगॉव्ह आतून दोन-दोन गुण घेतोय, घेऊ दे. चांगला डाव म्हणजे ज्यात काही गमवावं लागत नाही असा डाव, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. कुठे मार खायचा हे आधी ठरवलेलं असतं, इतकंच.

तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी ७६-७० होतं, म्हणजे सामना जिवंत होता. शेवटच्या क्वार्टरमध्ये वॉरियर्सनी २७ केले, क्लीव्हलँडने फक्त १२. लेब्रॉनचे त्या दिवशी २० गुण. पाय उचलत नव्हते हे टीव्हीवरही दिसत होतं. क्लीव्हलँडचे २७पैकी ४ थ्री पॉइंटर आत गेले.

पाचव्या सामन्यात ब्लॅटने मॉझगॉव्हला जवळजवळ बसवूनच ठेवलं. नऊ मिनिटं, शून्य गुण. म्हणजे वॉरियर्सच्या खेळात वॉरियर्सशी खेळायला गेले. लेब्रॉनने ४० गुण, १४ रिबाउंड, ११ असिस्ट केले, तरी १०४-९१ असे हरले. सहाव्यात १०५-९७. वॉरियर्सचं १९७५नंतरचं पहिलं विजेतेपद.

"मॉझगॉव्हला काढायला नको होतं" असं म्हणणारी एक वेगळी पार्टी आहे. मला ते पूर्ण पटत नाही. तो २८ करत होता तेव्हा २१ गुणांनी हरले, तो बसला तेव्हा १३ गुणांनी हरले. दोन्ही दारं बंद होती. संघात पर्यायच उरले नव्हते.

मग मत कुणाला?

आता तीन पार्ट्या समोरासमोर ठेवू.

लेब्रॉनची पार्टी म्हणते, मैदानावरचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता, मग संघ हरला म्हणून काय झालं? आपल्याला हे पटायला क्रिकेट पुरेसं आहे. २००९ साली हैदराबादला सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १७५ केल्या, भारत तीन धावांनी हरला, आणि सामनावीर सचिनच होता. २००३च्या विश्वचषकात फायनल हरूनही मालिकावीर तोच होता, ६७३ धावा. आपल्याला त्यात काही खटकलं नाही. एनबीएच्या फायनलमध्ये मात्र हरलेल्या संघाच्या खेळाडूला हा मान फक्त एकदाच मिळालाय: १९६९ साली, म्हणजे हा पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, लॉस एंजेलिस लेकर्सच्या जेरी वेस्टला.

इग्वोडालाची पार्टी म्हणते, मालिका फिरली ती तो सुरुवातीच्या पाचात आल्यावर. १-२ वरून सलग तीन विजय. आणि तो लेब्रॉनला धरत होता, हे काम स्कोअरकार्डवर दिसत नाही. दर वेळी छातीवर धक्के खात, शॉट थोडा वाकडा जाईल इतकाच अडथळा आणायचा, आणि मग उलट बाजूला पळत जाऊन स्वतःही गुण करायचे. चौथ्या सामन्यात २२, सहाव्यात २५. वर त्याची आणखी एक गोष्ट आहे जी मला आता जास्त भिडते. त्या हंगामाआधीच्या कारकिर्दीतले सगळेच्या सगळे ७५८ सामने तो सुरुवातीपासून खेळला होता. करने त्याला बेंचवर यायला सांगितलं आणि तो आला. पूर्ण हंगामात एकही सामना त्याने सुरुवातीपासून खेळला नाही. ज्याने कुरकुर न करता जागा सोडली, त्यालाच शेवटी बोलावलं गेलं. नियमित हंगामात एकदाही सुरुवात न करता फायनलचा एमव्हीपी झालेला तो पहिलाच.

मित्राचं म्हणणं हेच. आणि खरं सांगतो, यातलं काहीही खोटं नाही.

पण मग पुन्हा बघताना मी एक उद्योग केला. बॉल बघायचा नाही असं ठरवलं. इग्वोडालाने गुण केले की व्हिडिओ मागे घ्यायचा आणि बघायचं, तो मोकळा का होता? उत्तर पुन्हा पुन्हा तेच यायचं. तो मोकळा होता कारण क्लीव्हलँडने ठरवून त्याला मोकळं सोडलं होतं. आणि ठरवून सोडलं होतं कारण दोन जण करीवर धावले होते.

हे समजायला बुमरा आठवा. समोरचा संघ ठरवतो, बुमराची षटकं नुसती सांभाळायची, धावा दुसऱ्या टोकाकडून काढायच्या. मग दुसऱ्या टोकाला फटके मारायला जातात आणि बाद होतात. विकेट कुणाच्या नावावर? दुसऱ्या गोलंदाजाच्या. त्याने चेंडू चांगला टाकला हेही खरं. पण फलंदाजाला घाई कुणाची झाली होती?

करीचं तेच होतं. युरेनची कल्पना, करचं धाडस, इग्वोडालाची मेहनत, ग्रीनचे पास, सगळं खरं. पण चारास तीन हा हिशोब मुळात सुरू होतो तो करीवर दोघं धावतात म्हणून. करीला काढा, मग मॉझगॉव्ह निवांत बास्केटखाली उभा. हाच डाव दुसऱ्या कुठल्या संघाने खेळला असता तर उंच माणूस काढून नुसता मारच खाल्ला असता.

म्हणजे माझ्या मित्राचे 'डावपेच' उभे होते एका स्टारच्या भीतीवर. आणि माझा 'स्टार' खेळत होता एका डावानुसार. आम्ही दोघं दहा वर्षं भांडलो आणि ज्याला शून्य मतं पडली त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही!

यावर मित्राने लगेच विचारलं, "आणि दुसरा सामना? २३पैकी ५?" बरोबर आहे. तो सामना करीने वाईटच खेळला आणि त्याची किंमत मोजली. पण पाचव्या सामन्यात ३७ गुण, सात थ्री पॉइंटर, त्यातले १७ गुण शेवटच्या क्वार्टरमध्ये, हेही त्याचेच. शिवाय तिसऱ्या सामन्याच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे तो प्रसिद्ध बदल व्हायच्या आधीच, वॉरियर्सनी ३६ गुण केले होते. त्यातले १७ करीचे. तिथे बेंचवरून डेव्हिड ली आला होता आणि त्याच्याबरोबरचा पिक अँड रोल चालायला लागला होता. हरले, पण कुलूप तिथेच ढिलं झालं होतं. चौथ्या सामन्यातला बदल आकाशातून पडला नव्हता.

तर मंडळी, प्रश्न तीन आहेत. सगळ्यात चांगलं कोण खेळलं? लेब्रॉन, शंका नाही. मालिका कुठे फिरली? इग्वोडाला सुरुवातीपासून खेळला तिथे. आणि कुणाला काढलं असतं तर वॉरियर्सचा डाव मुळातच कोसळला असता? करीला. पुरस्कार एकच आहे आणि त्याच्या नावात 'मोल' आहे. मोल म्हणजे काय हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं, म्हणून सात, चार आणि शून्य.

मला आज मत असतं तर मी ते करीला दिलं असतं. मित्र अजून इग्वोडालालाच देतो. पण आता तो "करीमुळे मोकळा होता, मान्य, पण मोकळा शॉट आतही घालावा लागतो" असं म्हणतो. दहा वर्षांत ही आमची प्रगती.

नंतर काय झालं

पुढच्याच वर्षी हेच दोन संघ पुन्हा भिडले. वॉरियर्स ७३ विजय घेऊन आलेले, फायनलमध्ये ३-१ पुढे. या वेळी अर्व्हिंग आणि लव्ह दोघेही खेळत होते. क्लीव्हलँडने तिथून तीन सामने जिंकून इतिहास केला आणि लेब्रॉनला एमव्हीपी मिळाला. सातव्या सामन्यात इग्वोडालाचाच ले-अप त्याने मागून धावत येऊन बोर्डवर अडवला, तो क्षण तुम्ही बघितला असेलच. नंतर अर्व्हिंगने निर्णायक थ्री पॉइंटर मारला तो करीच्या डोक्यावरून. क्लीव्हलँड स्क्रीन लावून करीला मुद्दाम बचावाला ओढत होतं. म्हणजे एका वर्षी ज्याच्यामुळे समोरच्यांचं गणित कोसळलं, दुसऱ्या वर्षी समोरच्यांनी त्यालाच हेरलं.

आणि करी? त्याला पहिला फायनल एमव्हीपी मिळाला २०२२ साली, बॉस्टनविरुद्ध. सरासरी ३१.२ गुण. तेव्हा त्याचं वय ३४. संघात बेंचवर कोण होतं माहितेय? इग्वोडाला.

पुढची फायनल बघताना

जाता जाता एक छोटा गृहपाठ. पुढच्या फायनलला एखादा क्वार्टर बॉल न बघता बघा. तीन गोष्टी मोजा. एक, दुसरा बचावपटू कुणावर धावतोय. दोन, कुणाला मुद्दाम मोकळं सोडलंय. तीन, उंच माणूस बास्केटखाली उभा राहू शकतोय का. या तीन गोष्टी कळल्या की कोच काय खेळतोय ते कळतं, आणि कुठल्या स्टारला समोरचे घाबरतायत तेही कळतं. मग स्कोअरकार्ड उघडा. बघा, दोन्ही जुळतात का.

तुमचं २०१५चं मत कुणाला, आणि का, ते आम्हाला जरूर कळवा. मॉझगॉव्ह म्हणालात तरी चालेल, पण कारण द्यावं लागेल. भेटू पुढच्या भागात. तोवर खेळत राहा, आणि भांडा, पण चहा गार होऊ देऊ नका!